गार पाण्याच्या बादल्या

रुवीत ऑगस्टात गरम पाणी फुकट मिळतं,
गार पाणी साठवावं लागतं.
गच्चीवरची टाकी दिवसभर उकळते,
रात्री अकरालाही नळाखाली हात भाजतो,
आणि आज प्रश्न हाताचा नव्हता.

म्हणून संध्याकाळीच बिजुमोननं पाच बादल्या भरून
एसीखाली ओळीनं मांडल्या,
लग्नघरात मांडतात तशा.
हसनैन म्हणाला, आज आंघोळ कुणी करायची नाही,
टँकर परवा येणार.
सहा जणांचं न्हाणीघर
एका रात्रीपुरतं माझ्या नावावर झालं.
इतकी जागा मला या देशात कधी मिळाली नव्हती.

तीन दिवस टोमॅटो बंद, तीळ बंद, पेरू बंद.
आज तर तेच प्यायचं,
ज्याच्या तळाशी पडलेलं नाणं दिसेल:
गाळलेलं सूप, कोरा चहा, लिंबूपाणी.
बायकोनं फोनवर विचारलं, जेवलात?
हो.
काय?
पेज, म्हटलं.
नुसती वरची निवळ, हे मनात.

औषधाची चव अशी की
समुद्राच्या पाण्यात कुणी संत्र्याची गोळी विरघळवलीय.
दर पंधरा मिनिटांनी एक पेला.
टेकबहादूर मोबाईलवर गजर लावून समोर बसला,
मी प्यालो की तोच तोंड वाकडं करायचा.
तासभर काही झालं नाही.
मला वाटलं, पावडर जुनी असणार.
मग वाटायला वेळच उरला नाही.

रात्री दीडला, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसलो असताना
जयवंत आठवला.
दोन वर्षं रक्त पडायचं त्याला.
"काय नाय रे, मुळव्याध आसा," म्हणायचा
आणि पानाचं औषध देणाऱ्याकडे दोडामार्गला जायचा.
आत कुणी पाहिलंच नाही.
पाहिलं तेव्हा
पाहण्यासारखंच उरलं होतं, करण्यासारखं नाही.
चव्वेचाळीस.
थोरला होता तो.
मी आता त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

चारला दुसरा लिटर.
बांग झाली. हसनैन उठला,
न्हाणीघराच्या दाराशी क्षणभर थांबला,
आणि वजू करायला स्वयंपाकघरातल्या बेसिनकडे गेला.
खरकटी ताटं बाजूला सारताना
त्यानं आवाज होऊ दिला नाही.
आवाज न होणं मी आतून ऐकलं.
तोवर पोटातून नुसतं फिकट पिवळं पाणी येत होतं.
नर्सनं सांगितलं होतं,
असं झालं की समजा, तयारी झाली.

"बारशुराम!"
त्यांच्या भाषेत प नाही.
मी ब होऊन उठलो.
भूल उतरल्यावर एकट्याला सोडत नाहीत,
म्हणून अर्जावर एक रकाना: सोबत आलेल्याचं नातं.
बिजुमोननं पेन चावलं,
मग लिहिलं, एकाच खोलीतला.
नर्सनं वाचलं, शिक्का मारला.

डावी कूस, गुडघे पोटाशी.
डॉक्टरीण म्हणाली, थोडं फुगल्यासारखं वाटेल.
हो म्हणायला तोंड उघडलं
आणि मिटलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

चार फोटो दिले.
आपण आतून असे असतो हे ठाऊक नव्हतं:
ओलं, गुलाबी, कड्याकड्यांचं,
नुकत्या उघडलेल्या शिंपल्यासारखं,
आणि एका वळणावर मटकीएवढा कोंब.
काढला, म्हणाली. तपासायला पाठवलाय.
बहुतेक साधाच,
पण साधाच राहिला असता असं नाही.
पाच वर्षांनी परत या.
माझा व्हिसा दोन वर्षांचा आहे
हे मी सांगितलं नाही.

खोलीवर आलो. चार बादल्या रिकाम्या.
पाचवी भरलेली, आता खरोखरची गार.
सगळे घामेजलेले, तरी म्हणाले, आधी तू.
दोन तांबे डोक्यावर घेतले,
बाकीचं त्यांना ठेवलं,
आणि ओल्याच हातानं
जयवंताच्या मुलीला फोन लावला.
तिला चोविसावं लागलंय.
जेवलीस का, विचारलं.
पुढचं कुठून सांगावं सुचेना,
म्हणून बादल्यांपासून सुरुवात केली.